पोटाचे दुखणे अंगावर काढू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी पोटाच्या तक्रारीविषयी बोलायचे, हे काहींना विचित्र वाटेल. पण जे चारचौघांत बोलायला आपण लाजतो, ते बोलण्यासाठीच तर आपले मंडळ आहे.

दोन सिझेरियननंतर माझे पोट ओघळले होते. घडीत घामाने चट्टे उठत, आणि बेंबीशी हर्नियाही झाला होता. ७ वर्षांपूर्वी त्याचे ऑपरेशन झाले, तेव्हाच सैल पोटही आवळून घेतले. याला 'टमी टक' म्हणतात. ओटीपोटावर आडवा छेद घेऊन जादा कातडी व चरबी काढतात आणि बाळंतपणात फाकलेले स्नायू टाके घालून जवळ आणतात. सूज पुरती उतरायला काही महिने, कधी वर्षही लागते. माझी उतरली, आणि पुढे पोट छान राहिले.

गेल्या वर्षी मात्र ते पुन्हा फुगू लागले. हातपाय होते तसेच. पण परकराची नाडी पुरेना. सकाळी उठतानाही ओटीपोट हाताला घट्ट लागे, लघवीला सारखे जावे लागे. घरीदारी निदान एकच, "त्या ऑपरेशनचेच हे!" कोणी ओवा दिला, कोणी हिंग. एक बाई तर म्हणाल्या, "हौस केलीत, आता भोगा." हे बोलणे ओव्याहून तिखट होते.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी समजावले, की टमी टकमध्ये काम होते ते पोटाच्या भिंतीवर. गर्भाशय, अंडाशय, आतडी आत होती तशीच राहतात. गादीची खोळ नवी शिवली म्हणून आतला कापूस काही बदलत नाही! सोनोग्राफीत गर्भाशयाला मोठी गाठ दिसली, फायब्रॉइडची. ती कर्करोगाची नव्हती. ती काढली आणि पोट हलके झाले.

भगिनींनो, प्रत्येक फुगलेले पोट गाठीचे नसते. जेवणानंतर फुगून सकाळी उतरणारे पोट बहुधा गॅसचे किंवा बद्धकोष्ठाचे असते. खोकताना एका जागी फुगवटा येत असेल, तर हर्नियाची शंका घ्यावी. आतड्यांभोवतीची चरबी वाढली तरी पोट पुढे येते. ती टमी टकने निघत नाही.

परंतु पोट सतत फुगलेले राहणे, चार घासांतच पोट भरणे, ओटीपोटात दुखणे आणि वारंवार लघवी लागणे, यांतले काही नव्याने सुरू झाले आणि महिन्यात १२ हून अधिक वेळा होऊ लागले, तर डॉक्टरांकडे जावे. पन्नाशीनंतर तर जावेच जावे. अंडाशयाच्या कर्करोगाची लक्षणे अशीच असतात. ती गॅससारखी वाटतात, म्हणून तो पुष्कळदा उशिरा सापडतो. आई किंवा बहिणीला अंडाशयाचा वा स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर तेही आवर्जून सांगावे. पोटाची तपासणी, 'सीए १२५' ही रक्ताची चाचणी आणि सोनोग्राफी यांवरून पुढची दिशा कळते. आणि पोट एकाएकी कडक होऊन असह्य दुखले, उलट्या होऊ लागल्या, शौच व वारा बंद झाला, तर त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

दिनदर्शिकेवर आपण दुधाचा हिशेब ठेवतो. तिथेच पोट फुगलेल्या दिवशी एक फुली करावी. डॉक्टरांना त्या फुल्या फार उपयोगी पडतात.

शेवटी एकच विनंती. एखादीने पोट हौसेने आवळून घेतले असो वा गरजेने, ती दुखते म्हणाली तर तिला टोमणा मारू नका. लाजेपायी ती गप्प बसेल आणि दुखणे आत वाढेल. त्यापेक्षा म्हणा, "चल, मी येते तुझ्याबरोबर."