पोच

माझ्यासमोर एक घड्याळ आहे आणि काचेपलीकडं एक बाई बसल्या आहेत. त्यांनी मला बारा मिनिटं दिली आहेत. विषय मोठा दिलाय. महासत्तांमधला तणाव आणि सामान्य माणसाच्या मनातली युद्धाची भीती. हा विषय बारा मिनिटांत मावणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून मी त्याचा एकच कोपरा धरून बसणार आहे. तुम्ही कंटाळलात तरी सोडणार नाही.

तो कोपरा म्हणजे पोच. निरोपाची पोच.

मी 38 वर्षं तारघरात काढली. हात मोर्सच्या किल्लीवर बसला आणि नोकरी टेलिप्रिंटरवर संपली. आमच्यात ‘तार पाठवली’ हे वाक्य अर्धंच समजलं जायचं. पलीकडून पोच आली की मगच कागदावर खूण करायची. मला शिकवणारे जुने तारबाबू होते, ते म्हणायचे, “पाठवलं हे तुझं समाधान. पोचलं का, ते सांग.” नवीन असताना मला याचा राग यायचा. आता मीच सगळ्यांना तेच विचारत फिरतो. घरातले वैतागले आहेत.

हल्ली कुणाकडंही गेलं तरी बोलणं फिरून एकाच ठिकाणी येतं. तिसरं महायुद्ध होणार का? 7 मे 2025 ला देशभर सरावाचे भोंगे वाजले, अंधार करून पाहिला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका गृहस्थांनी तांदळाची दोन पोती आणून ठेवली. मी त्यांना हसलो नाही. 65 आणि 71 च्या लढाईत खिडक्यांच्या काचांना काळे कागद मीही चिकटवले आहेत. भीती वाटते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण मंडळी, तुम्ही चुकीची गोष्ट मोजत बसता, असं मला वाटतं. कुणाकडं किती क्षेपणास्त्रं, कुणाच्या पाणबुड्या किती, हे नातवंडांना सुद्धा तोंडपाठ. जगात सुमारे 12 हजार अण्वस्त्रं आहेत आणि त्यातली बहुतेक अमेरिका आणि रशिया या दोघांच्याच घरात आहेत. आकडा वाईटच आहे. पण ही अस्त्रं बाळगणारी माणसं एकमेकांशी बोलतात का? बोललेलं पोचतं का? पोचलं हे पाठवणाऱ्याला कळतं का? हे कुणी विचारत नाही.

त्याच मे महिन्यात भारत-पाकिस्तान लढाई जुंपली आणि 10 तारखेला दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी पाकिस्तानच्या लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी आपल्या महासंचालकांना फोन केला आणि 5 वाजल्यापासून गोळीबार थांबवायचं ठरलं. तो कुणामुळं थांबला यावर वाद चालले आहेत, खुशाल चालू देत. मला एवढंच दिसलं की फोन लावला गेला आणि पलीकडं उचलला गेला. एवढी लढाई पेटलेली असताना दोन सैन्यांमधली ती तार कुणी कापली नव्हती.

आता थोडं घरचं सांगतो. 1952 सालची गोष्ट. मी नऊ वर्षांचा. आमचा वाडा एक, पण चुली दोन. थोरले चुलते आबा आणि धाकटे अण्णा यांच्यात अबोला होता. माझे वडील मधले. ते नोकरीनिमित्त बाहेरगावी, म्हणजे आम्ही आपलं अलिप्त राष्ट्र. त्यामुळं निरोप्याचं काम माझ्याकडं. एकाच पडवीत, दहा हातांवर दोघे बसलेले असायचे आणि आबा मला म्हणायचे, “अण्णाला सांग, बैल सोडून ठेव म्हणावं.” अण्णांना ते ऐकू आलेलं असायचं. तरी मी जाऊन सांगेपर्यंत ते जागचे हलायचे नाहीत. रीत म्हणजे रीत.

एके दिवशी पाटाच्या पाण्याची पाळी आबांची होती आणि अण्णांचा कांदा वाळत चालला होता. दुपारी आबांनी मला हळूच सांगितलं, “अण्णाला म्हणावं, आजची पाळी तू घे. रात्री दारं धरायला जा.” एवढ्या वर्षांतला पहिला गोड निरोप. मी निघालो, आणि वाटेत पाराजवळ गोट्यांचा डाव रंगला होता.

पुढं काय झालं ते नंतर सांगतो, वेळ राहिला तर.

ऑक्टोबर 1962. सोव्हिएत संघानं क्यूबात क्षेपणास्त्रं नेली आणि अमेरिका ती काढा म्हणाली, ही हकिकत तुम्हाला ठाऊक आहे, ती मी सांगत बसत नाही. आपल्याकडं तिची बातमी आतल्या पानावर गेली, कारण 20 तारखेला चीननं आपल्यावरच हल्ला केला होता. बायका अंगावरचे दागिने संरक्षण निधीला देत होत्या आणि पुढच्या महिन्यात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. क्यूबाकडं बघायला सवड कुणाला होती! मी त्या प्रकरणात शिरलो तो फार उशिरा, निवृत्त झाल्यावर. आणि शिरलो तो तारबाबू म्हणूनच.

आणि काय सापडलं बघा. वॉशिंग्टनमधल्या सोव्हिएत वकिलातीत अनातोली दोब्रिनिन राजदूत होते. जग जळेल की वाचेल, अशा मजकुराची त्यांची सांकेतिक तार मॉस्कोला जायची कशी? तर वेस्टर्न युनियन या तार कंपनीला फोन करायचा. मग एक पोरगा सायकलवरून यायचा आणि कागद घेऊन जायचा. दोब्रिनिन यांनीच पुढं लिहून ठेवलंय की, हा पोरगा वाटेत एखाद्या मुलीशी गप्पा मारत उभा राहू नये, एवढी प्रार्थना करणंच आमच्या हाती होतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं. माझा गोट्यांचा डाव आठवला.

26 ऑक्टोबरला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडींना लांबलचक पत्र लिहिलं. त्यात समेटाची वाट होती. मॉस्कोतल्या अमेरिकन वकिलातीत ते दिलं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये सकाळ होती. भाषांतर, संकेत, तारा, सगळं होऊन ते तिथं तुकड्यातुकड्यांनी पोचलं तेव्हा रात्र पडली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मॉस्को रेडिओवरून दुसरं पत्र, सूर कडक, आता तुर्कस्तानातली तुमची क्षेपणास्त्रंही काढा म्हणून. पहिल्याचं उत्तर जायच्या आत दुसरं हजर! केनेडींच्या खोलीत बसलेल्यांना कळेना, कुठलं खरं धरायचं. त्याच शनिवारी क्यूबावर अमेरिकेचं टेहळणी विमान पाडलं गेलं, मेजर अँडरसन मारले गेले. आणि दुसरं एक विमान, ध्रुवाकडं गेलेलं, रस्ता चुकून सोव्हिएत हद्दीत शिरलं.

पण मला सांगायची आहे ती पाणबुडी. बी-59. तिच्यात अण्वस्त्र बसवलेला एक पाणतीर होता. अमेरिकन जहाजांना एवढंच कळलं होतं की खाली सोव्हिएत पाणबुडी आहे. अण्वस्त्राची कल्पना त्यांना नव्हती. तिला वर काढायला त्यांनी सरावाचे छोटे स्फोटगोळे पाण्यात टाकले. आता नीट ऐका. असे गोळे म्हणजे ‘वर या’ अशी खूण समजावी, हे अमेरिकेनं मॉस्कोला आधी कळवलं होतं. कागदोपत्री निरोप गेला होता! पाणबुडीतल्या माणसांपर्यंत तो पोचलाच नव्हता. आत कढईसारखी उष्णता, बॅटऱ्या संपत आलेल्या, मॉस्कोशी संपर्क नाही, आणि अंगावर धडाधड आवाज. युद्ध सुरू झालं असं कप्तानाला वाटलं आणि त्यानं पाणतीर तयार करायला सांगितलं, असं त्याच्या सोबतचे नंतर सांगत. वासिली अर्खिपोव नावाचा अधिकारी त्या पाणबुडीत होता. त्यानं कप्तानाला शांत केलं आणि पाणबुडी वर आली. मराठीत ‘पोच’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे. एखाद्याला पोच आहे, म्हणजे समज आहे. अर्खिपोवला ती होती. निरोपाची पोच नव्हती तिथं माणसाची पोच कामी आली. पण दरवेळी पाणबुडीत अर्खिपोव असेलच, यावर तुम्ही पैज लावाल का? मी लावणार नाही.

म्हणून पुन्हा सांगतो, कारण हे ऐकताना निसटतं. निरोप पाठवला होता. पाठवलेला निरोप आणि पोचलेला निरोप या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आणि शेवट कसा झाला? रविवारी, 28 तारखेला, ख्रुश्चेव्ह यांनी माघारीचं पत्र चक्क मॉस्को रेडिओवरून वाचायला लावलं. तारेनं पाठवलं तर पुन्हा अर्धा दिवस जायचा. केनेडींना ते जगाबरोबरच कळलं. या रेडिओच्या खोलीत बसून मला हे सांगताना थोडा अभिमान वाटतोय, म्हणजे मी तारेचा माणूस असूनसुद्धा.

बाई दोन बोटं दाखवतायत. म्हणजे पाच मिनिटं गेली की दोनच राहिली? ...बरं, बरं. भरभर सांगतो.

पुढच्या वर्षी, 20 जून 1963 ला जिनिव्हात करार झाला आणि 30 ऑगस्टला वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात थेट तार सुरू झाली. सिनेमात दाखवतात तो लाल टेलिफोन विसरा. ते टेलिप्रिंटर होते, आमच्यासारखे. आणि हे शहाणपणाचं होतं. रागात तोंडातून निघालेला शब्द परत घेता येत नाही, टंकताना माणूस निदान एकदा वाचतो. अमेरिकेनं पहिला मजकूर पाठवला तो इंग्रजीतलं ते कोल्ह्याचं आणि आळशी कुत्र्याचं वाक्य, ज्यात सगळी अक्षरं येतात. आम्हीही रोज सकाळी यंत्र तपासायला हेच वाक्य पाठवायचो! पलीकडचा ते परत पाठवायचा, की झाली पोच. तारेचा रस्ता लंडन, कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी असा. एकदा फिनलंडमधल्या एका शेतकऱ्याच्या नांगरानं ती तुटली. जगाची शांतता आणि नांगराचा फाळ! पण तुटली हे लगेच कळलं, कारण तासातासाला चाचणीचा मजकूर जायचा. भांडण नसताना सुद्धा. कथा पाठवायचे, उतारे पाठवायचे, काहीबाही. सरळ तार म्हणजे भांडण आल्यावर शोधायची वस्तू नव्हे, ती रोज... असो.

जून 1967, अरब-इस्रायल युद्ध. अमेरिकेच्या ‘लिबर्टी’ जहाजावर इस्रायलनंच हल्ला केला. अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी मॉस्कोला त्याच थेट तारेनं कळवलं, आमची विमानं तिकडं निघाली आहेत ती फक्त चौकशीला. सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांची पोच आली, निरोप इजिप्तच्या नासरनाही कळवला म्हणून. मला हे उदाहरण फार आवडतं.

आणि उलट बघा. 25 जानेवारी 1995, नॉर्वेहून उत्तरेकडच्या ध्रुवप्रकाशाचा अभ्यास करायला एक अग्निबाण उडाला. नॉर्वेनं रशियाला आधी कळवलं होतं. पण ते रडारवर बसलेल्या माणसांपर्यंत गेलं नाही. रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्यासमोर अण्वस्त्रांचा हुकूम द्यायची पेटी उघडली गेली. 1995 साली! शीतयुद्ध संपलं म्हणून आपण सगळे निर्धास्त होतो तेव्हा.

आता अमेरिका आणि चीन. 2001 साली हैनान बेटाजवळ दोघांची विमानं धडकली, तेव्हा कित्येक तास अमेरिकन राजदूताशी बोलायला पलीकडं कुणी येत नव्हतं. फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेनं आपल्या हद्दीत आलेला चीनचा फुगा पाडला, तिच्या संरक्षणमंत्र्यांनी फोन मागितला, चीननं नाही म्हटलं. त्याआधी 2022 च्या ऑगस्टपासून दोन्ही सैन्यांमधली बरीच बोलणी चीननं बंदच केली होती. डिसेंबर 2023 मध्ये दोन्हीकडचे बडे सेनाधिकारी पुन्हा बोलले. मधले सोळा महिने तैवानच्या आसपास रोज जहाजं, विमानं फिरत होती, आणि या सेनाधिकाऱ्यांचा अबोला. चीनची बाजू अशी की, वागणूक सुधारा, मग फोन उचलू. आबाही असंच म्हणायचे. याला माझं उत्तर तयार आहे, पण त्याला वेळ...

तर अण्णांचं. मी डाव संपवून, दिवेलागण झाल्यावर निरोप सांगायला गेलो तेव्हा अण्णा घरात नव्हते. वाट बघून, चिडून, कुदळ घेऊन ते आबांच्या चारीचा बांध फोडायला गेले होते. जे पाणी त्यांनाच दिलेलं होतं, ते चोरायला. आबा रात्री कौतुकानं बघायला गेले, तर बांध फुटलेला. त्यांना वाटलं, मी हात पुढं केला आणि यानं त्यावर कुदळ मारली. अकरा वर्षं ती दोन घरं एकमेकांच्या लग्नाला गेली नाहीत. निरोप पाठवला होता, असं आबा शेवटपर्यंत सांगत. खरंच होतं ते.

मी अण्णांना सांगितलं ते फार नंतर, आबा गेल्यावर, त्यांच्या दहाव्याला नदीवर. अण्णा बराच वेळ पाण्याकडं बघत बसले. मग म्हणाले, “जिंकला होतास का रे, डाव?”

लाल दिवा लागला. मी हरलो होतो.