पक्ष्याचा डोळा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



द्रोणाचार्यांनी घेतलेल्या परीक्षेची कथा आपण सर्वांनी बाळपणी ऐकली आहे. झाडावरचा तो भास पक्षी मात्र कारागिरांनी घडविलेला होता. तो मान वळवीत नव्हता. अर्जुनाची तेवढी सोय होती!

भरतपूरच्या केवलादेव उद्यानात आम्हां छायाचित्रकारांसमोर उभा असतो तो जिवंत चित्रबलाक. ४०० मिलिमीटरचे भिंग, छिद्र एफ ५.६ आणि पक्षी १० मीटरांवर, असे धरले तर पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात रेखीवपणाची खोली मिळते सुमारे २० सेंटिमीटर. निम्मी डोळ्याच्या पुढे, निम्मी मागे. चित्रबलाकाची चोच त्याहून लांब. तो आपल्याकडे तोंड करून उभा असेल तर डोळा आणि चोचीचे टोक दोन्ही रेखीव येणे नाही. अशा वेळी डोळा राखावा, चोच सोडावी. पाहणारा प्रथम डोळ्याकडेच पाहतो. पक्षी कुशीला वळेपर्यंत थांबण्याचा धीर असेल तर दोन्ही साधते.

नवे कॅमेरे डोळा आपण होऊन हुडकतात. ही सोय आम्ही नाकारीत नाही. परंतु मध्ये गवताचे पाते आले की यंत्र पुष्कळदा पात्यावरच जाऊन बसते. तेथे एकच केंद्रबिंदू निवडावा आणि फोकसचे काम शटरच्या कळीकडून काढून मागच्या बटणाकडे सोपवावे. अंगठा उचलला की फोकस जागच्या जागी राहतो. उडत्या पक्ष्यासाठी तो दाबून धरावा.

कित्येकदा दोष फोकसचा नसतोच. गवत रेखीव आणि पक्षी धूसर, तर फोकस चुकला. सारेच फरफटलेले दिसले, तर हात हलला. सायकलरिक्षातून खाली उतरूनच चित्र घ्यावे. भर दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते. तिच्यावर कोणतीही युक्ती चालत नाही. तेव्हा शिदोरी सोडावी हे उत्तम.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. सायबेरियन क्रौंच २००२ नंतर या उद्यानात दिसलेला नाही. त्या पाणथळीत तो कसा उभा राही, हे आपल्या मुलांना आता जुन्या चित्रांतूनच पाहावे लागते. मात्र चित्राच्या लोभाने घरट्यापाशी कोणीही जाऊ नये. पालकपक्षी उठला की अंडी उन्हाच्या आणि कावळ्यांच्या स्वाधीन होतात.

तरुण मंडळींनी भरतपूरच्या सहलीची वाट पाहू नये. दाणे टिपणारे गच्चीवरचे कबुतर मान फार वेळ स्थिर ठेवीत नाही. प्रथम आठवडाभर त्याच्याच डोळ्याशी झटावे.