एक राउटर, दोन सर्व्हर

समजा आपल्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत दोन जुने कॉम्प्युटर आहेत. एकावर ग्रंथालयाची वेबसाइट, दुसऱ्यावर रक्तदात्यांची यादी. नेटचं कनेक्शन एकच, म्हणजे बाहेरून दिसणारा आयपी पत्ताही एकच. राउटर 443 नंबरच्या पोर्टवर आलेली मागणी एकाच मशीनकडे पाठवतो. मग दुसरी वेबसाइट उघडणार कशी?

8443 सारखा वेगळा पोर्ट देता येतो. पण रात्री दोन वाजता घाटीत रक्तासाठी धावणारा माणूस पत्त्यापुढे आकडे टाइप करत बसणार नाही.

म्हणून एका मशीनवर एनजिनएक्स बसवा आणि राउटरवरून 80 व 443 हे दोन्ही पोर्ट त्याच्याकडे वळवा. ब्राउझर प्रत्येक मागणीत वेबसाइटचं नाव सांगतो. 1997 च्या एचटीटीपी 1.1 पासून ते बंधनकारकच आहे. ते नाव वाचून एनजिनएक्स मागणी योग्य मशीनकडे धाडतो. भडकल दरवाजातून आत आलेल्याला ‘कुणाकडे जायचंय?’ विचारून गल्ली दाखवावी, तसं. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं.

पण आधी राउटरचं वॅनचं पान उघडा. तिथला पत्ता 100.64 ते 100.127 यांपैकी आकड्यांनी सुरू होत असेल, तर कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता बऱ्याच ग्राहकांत वाटलाय. पोर्ट वळवून काही होणार नाही. स्टॅटिक आयपी मागा, त्याचे जादा पैसे पडतात.

आणि दात्यांचे फोन नंबर उघड्या पानावर नकोत, मुलींचे तर नकोतच. पानावर फक्त रक्तगट. नंबर लॉगिनच्या मागे.