मनाशी बोलताना

दौलताबादचा किल्ला चढताना 'अंधारी' लागते. त्या काळोख्या, वळणावळणाच्या पायऱ्यांवर "मला नाही जमायचं" असं कुणीतरी पुटपुटतं, आणि पाय तिथेच जड होतात. पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावणाऱ्या मुलांचंही शेवटच्या फेरीत हेच होतं. दम लागलेला असतोच. त्यात "गेलं आता" असं मनात आलं की खांदे आखडतात, श्वासाची लय मोडते.

यावर "मीच पहिला येणार" अशी घोषणा उपयोगाची नाही. मनाला ती पटतच नाही. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली. तिचा आग्रह खऱ्या वाक्याचा आहे : हे अवघड आहे, पण असह्य नाही.

दुसरी युक्ती नावाची. मानसशास्त्रज्ञ इथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये काही प्रयोग प्रसिद्ध केले. ऐनवेळी भाषण करायला लावलेल्यांपैकी जे मनात 'मी' न म्हणता स्वतःला नावाने हाक मारून बोलले, त्यांची भाषणं परीक्षकांना सरस वाटली. नंतरची चुटपुटही त्यांना कमी लागली. जालना जिल्ह्यातल्या जांबचे समर्थ रामदास २०५ 'मनाच्या श्लोकां'त मनाला असंच समोर बसवून बोलतात.

तेव्हा उद्या मैदानावर स्वतःला नावाने हाक मारा. वाक्य छोटं ठेवा, नेमकी कृती सांगणारं : "सुनीता, हात सैल सोड. आता त्या झाडापर्यंत."