दांड्याची छत्री
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



मी तीस वर्षे शाळेत व्यायाम शिकवला. निवृत्त झाल्यावर दर शनिवारी मुलींच्या वसतिगृहात जाऊ लागले. मुली वारली, कोकणा, काही कातकरी. एस.टी.चा थांबा दोन किलोमीटरवर, मध्ये सागाचे रान आणि एकही दिवा नाही. गेल्या वर्षी पावसाच्या तोंडावर वॉर्डनबाई म्हणाल्या, "बाई, ह्यांना कवायत पुरे झाली. वाटेत कुणी हात धरला तर काय करायचे ते शिकवा."

कमिटीतल्या एका वडीलधाऱ्यांना हे रुचले नाही. "दुसरा गाल पुढे करा असे आपण शिकवतो, आणि तुम्ही मारामारी शिकवणार?" प्रश्न खरा होता. मी आठवडाभर विचार केला. मग एवढेच म्हणाले, की स्वतःचा गाल माणूस स्वतःच्या मर्जीने पुढे करतो. चौदा वर्षांच्या मुलीचा गाल तिच्या वतीने आपण कसा पुढे करणार? ते काही बोलले नाहीत. पुढच्या शनिवारी मात्र स्वतःची जुनी छत्री सरावासाठी देऊन गेले.

छत्रीच का? ती पावसाळ्यात प्रत्येकीच्या हातात असतेच. ही युक्ती माझी नव्हे. जपानात राहून आलेल्या बार्टन-राइट नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1898 नंतर लंडनमध्ये आत्मरक्षणाची एक पद्धत शिकवायला सुरुवात केली. तीत जपानी जुजुत्सू होते आणि व्हिन्यी या स्विस उस्तादाची हातातल्या काठीची विद्याही होती. त्याच पद्धतीवर आपल्याकडच्या पोलीस सेवेतल्या लँग नावाच्या अधिकाऱ्याने 1923 साली पुस्तक लिहिले. आणि एडिथ गॅरुड! उंची जेमतेम पाच फूट. मताच्या हक्कासाठी लढणाऱ्या इंग्रज बायकांना तिने जुजुत्सू शिकवले. त्यांच्या पुढाऱ्यांना पोलिसांपासून वाचवणाऱ्या बायका झग्याखाली लाकडी मुद्गल लपवून नेत. हे मुद्गल मूळ आपल्याच आखाड्यांतले; इंग्रज सैन्यामार्फत तिकडे गेले होते. मुलींना ही गोष्ट फार आवडली.

आता माझी चूक सांगते. मी कॉलेजात लाठी शिकले होते, म्हणून छत्रीही लाठीसारखी फिरवायला शिकवली. दुसऱ्याच फेरीला एकीची छत्री उघडली, दुसरीच्या काड्या वाकल्या. मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, बैल हाकताना आम्ही फिरवत नाय, ढोसतो." सगळ्या हसल्या, पण तिचेच बरोबर होते. फिरवलेली छत्री समोरचा सहज पकडतो. दोन्ही हातांत आडवी धरून, टोक पुढे करून पोटात ढोसली तर पकडायला वेळच मिळत नाही. काठीने वार अडवायचा असेल तर व्हिन्यीचा नियम असा, की हात उंच आणि टोक खाली. काठीला तलवारीसारखी मूठ नसते. हात खाली राहिला तर समोरच्याची काठी घसरत येऊन बोटांवरच बसते. गुरे राखणाऱ्या मुलींना हे एकदा दाखवून पुरले.

मनगट धरले तर मागे ओढायचे नाही. धरणाऱ्याचा अंगठा आणि बोटे जिथे मिळतात तिथे पकड कच्ची असते. त्या बाजूला हात वळवून झटका द्यायचा. दप्तर छातीशी धरले की ढाल होते. पाण्याची भरलेली बाटली तोंडावर फेकली की माणूस डोळे मिटतो, आणि तेवढ्यात पळायचे. पळणे हाच मुख्य धडा, हे मी दर शनिवारी सांगते. पडलेल्याला पुन्हा मारायला थांबायचे नाही. कायदा बचावाचा हक्क देतो, पण बचावाला लागते तेवढ्यापुरताच. आणि ओरडायचे. ह्या मुलींना सगळ्यात अवघड गेले ते ओरडणे. छत्री महिन्यात जमली, आवाज निघायला दिवाळी उजाडली.

जानेवारीत नववीतली एक मुलगी संध्याकाळच्या गाडीने घरून येत होती. मोटारसायकलवरच्या माणसाने तिचे मनगट धरले. दारू प्यायला होता. पावसाळा नव्हता, तरी छत्री तिच्याजवळ होती, कारण तिच्या आईने दुरुस्त करून दिली होती. तिने हात सोडवला, एकदा ढोसले आणि ओरडत पळाली. आवाज ऐकून पाड्यावरचे दोघे धावून आले. वॉर्डनबाईंनी 112 ला फोन केला, तक्रार लिहून घेतली गेली. मी गेले तेव्हा ती भात खात होती. मनगटावर वळ होते. मला बघून म्हणाली, "बाई, छत्री तिकडंच राहिली. आता आई ओरडल."

सकाळी आम्ही दोघी जाऊन शोधून आणली. दांडा मोडला होता.

म्हणून तुमच्याकडे एक मागणे आहे. वसतिगृहात बेचाळीस मुली आहेत. जूनच्या आत छत्र्या द्यायच्या आहेत. कृपा करून घडीच्या देऊ नका, त्या ढोसल्यावर आत जातात. लांब, लाकडी दांड्याच्या द्या.