शंकूची सावली



दुर्बीण नाही म्हणून मुलांचे खगोलशास्त्र अडू नये. बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सपाट जागी उभी रोवलेली काठी, पुरेसा आहे. शिवडीतल्या मुलांना मी 21 मार्चला सावली मोजायला लावतो. सर्वांत आखूड सावली बाराला नव्हे, 12 वाजून 46 मिनिटांच्या सुमारास पडते. घड्याळ मिर्झापूरजवळच्या रेखांशाचे, सूर्य मात्र मुंबईचा! ती सावली चार अंगुळांहून किंचित जास्त भरते. हीच पलभा. तिच्यावरून आपला 19 अंश अक्षांश मुले स्वतः काढतात. उज्जैनला ती पाचांवर जाते.

पुस्तकातला आकडा स्वतः पडताळलेले मूल पुढे प्रश्न विचारायला कचरत नाही. म्हणून विनंती : स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेच्या गच्चीवर एक कायमचा शंकू बसवू या.