सहलेखनातून साक्षरता

धर्माबादपासून गोदावरीकाठचे बासर जवळच. तेथे सरस्वतीच्या साक्षीने बालकांचा अक्षराभ्यास होतो. पण ज्यांचे ते वय सरले, त्यांच्या हाती पाटी कोणी द्यावी? २०२२ मध्ये आरंभलेल्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाने १५ वर्षे व त्यावरील निरक्षरांचा भार उचलला. १७ मार्च २०२४ रोजी महाराष्ट्रात त्याची पहिली परीक्षा झाली. वाचन, लेखन व संख्याज्ञानाचे एकूण १५० गुण. परंतु परीक्षेनंतर अक्षरे वापरात राहिली नाहीत, तर ती विस्मरणात जातात.

यावर सहलेखन हा उत्तम उपाय होय. गूगल डॉक्सच्या एकाच पानावर आपापल्या मोबाइलवरून अनेकांना लिहिता येते. एकीने मिरची वाळविण्याची रीत लिहावी, दुसरीने बाजारभाव, तिसरीने चूक सुधारावी. आधीचा मजकूर जपला जात असल्याने खाडाखोडीचे भय उरत नाही. मात्र बोलून अक्षरे उमटविण्याच्या सोयीवर विसंबू नये. वाक्य प्रथम वहीत उतरावे. शिक्षकानेही बोलीतील शब्द खोडू नयेत. हेच पान छापून पुढील वर्गाला दिले, की कालची निरक्षर माउली आजची लेखिका ठरते. अंगठ्याच्या जागी सही आली, हा केवळ आरंभ. आपले म्हणणे आपण लिहावे, हीच साक्षरतेची सिद्धी.